जितेंद्रची मूठ

आमच्या भाऊबंदांत कानबाईच्या रोटाचे गहू मोजायचं काम माझ्याकडे आहे. वडील गेले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी ओसरीवर बसतो, समोर पितळी परात आणि निवडलेल्या गव्हाचं पोतं, आणि कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू परातीत टाकतो. आधी भरलेली मूठ, मग चिमटीत मावेल तेवढी पाव. पाळण्यातल्या पोराची सव्वा मूठ, आणि सुरतेला पोटासाठी गेलेल्या बाप्याचीही सव्वाच. पोरींची का नाही, असं माझी नात दरवर्षी विचारते आणि मी दरवर्षी तिच्यावर खेकसतो, कारण माझ्याकडे उत्तर नाही. त्याच गव्हाचे नैवेद्याचे रोट होतात आणि ते फक्त कुळाने खायचे. माणूस मेला की त्याची मूठ थांबते. एवढा साधा मामला आहे.

सलग दोन श्रावण मी माझ्या सख्ख्या पुतण्याची मूठ घेतली नाही. आणि तो जिवंत आहे.

माझं नाव अभिमन. तोफखान्यात चोवीस वर्षं काढली, हवालदार होऊन घरी आलो. तोफांनी कान थोडे नेले आणि आवाज चढवून ठेवला, त्यामुळे गावात म्हणतात की आबा बोलत नाहीत, हुकूम सोडतात. खोटं नाही ते. सावद्याच्या अलीकडे नदीकाठी आमचं गाव. धाकटा भाऊ निंबा केळी करतो. मला दोन्ही मुलीच, आपापल्या घरी गेल्या. निंबाला एकच पोरगा, जितेंद्र. त्याला फौजेत मी घातला. पहाटे तो रस्त्याने पळायचा आणि मी सायकलवरून मागे शिव्या देत यायचो. भरती झाला त्या दिवशी निंबा रडला आणि मी पेढे वाटले.

निंबाची बायको सुगंधा. धाकट्या भावजयीने थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. नव्या सुना पाळत नाहीत, सुगंधाने एकतीस वर्षं पाळली. मी दोन हातांवर उभा असलो तरी ती पदर पुढे ओढून निंबाला सांगायची, "त्याहीले म्हना, चहा झाला." मग निंबा मला म्हणायचा, "आबा, चहा झाला." मी म्हणायचो, "तिला म्हण, मी बहिरा आहे पण इतका नाही." पदराआड ती हसायची. असं आमचं घर होतं.

आता जितेंद्रने काय केलं ते सांगतो. टीव्हीवर त्याचं पार भजं करून झालं आहे, म्हणून नीट सांगतो.

जितेंद्र पलटणीच्या ऑफिसात कारकून होता, टपाल आणि फायली बघायचा. त्यांच्या पलटणीची एक चौकी वर बर्फात. तीन हिवाळ्यांमागे त्या चौकीत चार पोरं झोपेत मेली. बर्फात खोली ऊबदार ठेवायला तेलाची शेगडी असते, बुखारी म्हणतात तिला. तिचं धुराडं गळकं होतं, धूर आत कोंडला, आणि सकाळी चौघं उठलेच नाहीत. चौघांतला एक तौसिफ, जामनेरचा. त्याचा बाप सत्तार जामनेरला स्टोव्ह दुरुस्त करतो. चाळीस वर्षांत त्याने हजारो स्टोव्ह उघडले असतील. चौकशी झाली आणि कागदावर आलं, की पोरांनी बुखारी साफ ठेवली नाही, त्यांचाच निष्काळजीपणा. सत्तारला तसं पत्र गेलं. तो पत्र घेऊन ज्याला त्याला विचारत सुटला, "भाऊ, मेरा बेटा आठ सालका था तबसे पिन मारतो, बर्नर खोलतो. त्याले शेगडी नाही समजली?" लोक काय बोलणार? काही जण हसले सुद्धा. स्टोव्हवाल्याचा पोरगा शेगडीनेच मेला म्हणून.

पण जितेंद्रच्या फायलीत दुसरे कागद होते. त्या चौकीने नवं धुराडं मागितलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून पोरं मेली त्या दिवसापर्यंत एक्केचाळीस दिवस ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतं. तौसिफ आणि जितेंद्र सुटीला एकाच गाडीने घरी यायचे. सत्तारच्या घरी त्याच्या बायकोच्या, नूरबीच्या हातचं तो जेवलेला. त्याने तीन कागदांचे फोटो काढून सत्तारला पाठवले आणि सांगितलं, चाचा, हे कोणाला दाखवू नका, फक्त तुमच्या मनासाठी आहे.

कागद पाठवण्याआधी त्याने मला फोन केला होता. कागदांचं काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "आबा, वरचे खोटं लिहीत असतील आणि आपल्याला खरं माहीत असेल, तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं, "शपथ घेतली ना तू?" तो हो म्हणाला. "मग विचार कशाला करतोस?" असं म्हणून मी फोन ठेवला. मॅच चालू होती.

सत्तारला कागद आवरला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही आवरला नसता. पोराची अब्रू त्याच्या खिशात होती आणि गाव हसत होतं. एक बातमीवाला आला, सत्तारने त्याला पहिलं पत्र दाखवायला फोन हातात दिला, आणि त्या माणसाने तिन्ही कागद स्वतःकडे घेतले. संध्याकाळपर्यंत ते देशभर झाले. तिसरा कागद पत्र नव्हता. तो चौकीचा नकाशा होता. बुखारी कुठे आहे, खोलीला झरोका कुठे नाही, पोरं कुठे झोपतात, सगळं त्यावर काढलेलं. जितेंद्रने तो का पाठवला? झरोका नव्हता हे बापाला दिसावं म्हणून. दुसरं कारण मला तरी दिसत नाही. पण लष्करात असा कागद एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतानाही सही करावी लागते, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

मी तो कागद टीव्हीवर पाहिला. पहिल्या पत्राच्या समासात कोणीतरी पेनाने रेघा मारल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, असे आठ जुडगे आणि एक सुटी रेघ. एक्केचाळीस. केळीचा ट्रक भरताना आम्ही घड असेच मोजतो. फरक एवढाच, की निंबा डावखुरा आहे, त्याची आडवी रेघ उलटी पडते आणि प्रत्येक जुडग्याखाली तो एक टिंब देतो. जितेंद्र उजव्या हाताचा, पण मोजायला बापाजवळ शिकला, म्हणून त्याचीही रेघ उलटी आणि खाली टिंब. कागदावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. ती रेघ ओळखणारी माणसं आमच्या घराबाहेर कोणी नव्हती.

तिसऱ्या दिवशी जितेंद्रला पलटणीतून उचललं.

पहिले दोन महिने तो हिरो होता. सावद्याच्या चौकात पोरांनी बॅनर लावला, त्यावर त्याचा फोटो आणि 'सत्याचा शिपाई'. सत्तारच्या पोरावरचा ठपका खोडला गेला. चौकशी पुन्हा झाली, निष्काळजीपणा हा शब्द काढला, दोघा साहेबांची बदली झाली. मग वैशाखात त्या चौकीवर सीमेपलीकडून तोफगोळा आला आणि पोरं झोपतात नेमका त्याच खोलीवर पडला. एक जवान गेला. भटू त्याचं नाव, धुळ्याकडचा, चोवीस वर्षांचा. ज्या पोरांनी बॅनर लावला होता त्यांनीच तो फाडला आणि निंबाच्या दारावर डांबराने 'देशद्रोही' लिहिलं. निंबाने घासून घासून दार पांढरं केलं, तरी अजून ओलं झालं की अक्षरं वाचता येतात.

तो गोळा त्या कागदामुळे तिथे पडला का? मी तोफखान्यातला माणूस. समोरच्याला आपल्या चौक्या माहीत असतात, जशा आपल्याला त्यांच्या. कागद नसता तरी गोळा आला असता. पण नेमका त्याच खोलीवर? मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांचा मला संताप येतो, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. त्याला गद्दार म्हणायचं, तर सत्तारला खरं कोणी सांगितलं? आणि त्याला वीर म्हणायचं, तर भटूच्या आईसमोर उभं राहून म्हणून दाखवा.

त्या श्रावणात मी परात घेऊन बसलो. निंबाचं नाव घेतलं, मूठ टाकली आणि पुढच्या नावाकडे वळलो. तेवढ्यात दाराच्या चौकटीतून आवाज आला.

"आबा, जितूची मूठ राह्यली."

एकतीस वर्षांत सुगंधा माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ही. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

"राहिली नाही," मी म्हणालो. "घेतली नाही."

त्या वर्षी तिने रोटाला तोंड लावलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. मधे कोर्ट मार्शल झालं, नोकरी गेली, सात वर्षांची शिक्षा झाली. ती तुरुंगात भेटून आली की माझ्या पायरीशी यायची आणि सांगायची, जितू वाळला, जितूने तुमची तब्येत विचारली. आता ती माझ्याशी रोज बोलायची. जणू एकतीस वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम मोकळं झालं होतं. मी हूं म्हणायचो.

यंदा नागपंचमीच्या आधी तिने सगळे भाऊबंद ओसरीवर असताना विषय काढला. "या वर्साले त्याची मूठ घ्या, आबा. मी दुसरं काई मांगत नाई."

दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेला चुलत पुतण्या भाईदास लगेच उसळला. "काकू, उद्या कोणी फोटो काढून टाकला, की यांच्या कुळात गद्दाराचे रोट होतात, तर आमच्या नोकऱ्यांचं काय?"

"कानबाईले नोकरी लागते का रे?" सुगंधाने विचारलं.

दोन्हीकडून आवाज चढले. निंबा खाली मान घालून बसला होता. माझं डोकं फिरलं आणि मी तोडायचं म्हणून तोडलं. "धुळ्याच्या त्या पोराची आई म्हणू दे, मूठ घ्या. मग घेतो."

मला वाटलं, संपला विषय. सुगंधा उठली, आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. "चला मंग," ती म्हणाली. "एकलीचं ती खरं मानणार नाई. तुमीबी चला."

शब्द माझा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं निघालो. जळगावला गाडी बदलली, एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याहून शिंदखेड्याच्या रस्त्याला वडापची जीप मिळाली. आमच्याकडे नजर जाईल तिथे केळी, इकडे नुसती बाजरी आणि माळ. गावाच्या तोंडाशी भटूचा अर्धपुतळा होता, रंग अजून नवा. सुगंधा त्याच्यासमोर थांबली, चपला काढल्या, हात जोडले. मी सॅल्यूट केला. ते मला जमतं.

सपाट मातीच्या छताचं धाब्याचं घर, पुढे ओटा. भटूची आई सुनंदाबाई ओट्यावर सुपात गहू निवडत होती. लांबून आलेली माणसं बघून तिने काही न विचारता तांब्या भरून पाणी दिलं. आम्ही प्यालो. मग सुगंधा म्हणाली, "माय, मी जितेंद्रची माय. ज्यानं कागद देले त्याची. हे त्याचे आबा, फौजेत होते."

सुनंदाबाईने रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. पाणी पिऊन झालं होतं, आता काही करता येत नव्हतं. ती पुन्हा गहू निवडू लागली. खडे बाजूला टाकत राहिली. मग तिने मला अहिराणीत विचारलं, "तुम्हीन फौजमा व्हतात ना? मंग सांगा. त्या कागदमुळे गया का मना आंडोर, मना भटू?"

"माहीत नाही, माय," मी म्हणालो.

"साहेब उना व्हता, तो बी हाईच सांगे. बठ्ठा सांगतस, माहीत नही. मंग माहीत कोनले शे?"

सुगंधाने मुठीचं सगळं सांगितलं. माझी अट सांगितली. रडली नाही, भीक मागितल्यासारखंही बोलली नाही.

सुनंदाबाई म्हणाली, "माफी मांगाले उनात का? मी त्याले माफ करस नही. मरापावत करावू नही."

"माफी नाई मांगत," सुगंधा म्हणाली.

सुपातले गहू सुनंदाबाईने हाताने एकदा सारखे केले. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आमना घर बी कानबाई बसस. मांगला साल मी दिरनी नजर चुकाडीसन भटूनी मूठ टाकी. मरेल मानूसनी मूठ टाकतस नही, माले ठाऊक शे. पन हात राहेना नही." तिने माझ्याकडे मान वर केली. "आनि तुम्हीन? तुमना जित्ता शे आनि तुम्हीन त्याले मारी टाका? मूठ काय चांगला मानूसनी ऱ्हास का? मूठ जित्ता मानूसनी ऱ्हास."

मी चोवीस वर्षं फौजेत होतो. अनेक साहेबांनी मला उभं-आडवं झापलं आहे, पण असं कोणी झापलं नव्हतं.

"आते जा," ती म्हणाली. "परत येवानं नही."

सुगंधा तिच्या पाया पडायला वाकली. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

परतीच्या गाडीत सुगंधाला खिडकीची जागा मिळाली. पारोळ्यानंतर ती बोलायला लागली ते थांबेना. जितू लहान असताना केळीच्या ट्रकावर चढून रेघा मारायचा, बापासारख्या उलट्या, मास्तरांनी पाटीवर सरळ करायला लावल्या तरी घरी येऊन पुन्हा उलट्या. जितूला ताकातली भाकरी आवडते. जितू म्हणतो, सुटलो की केळी करीन, आबांनी शिकवलं ते पळणं केळीत कामाचं नाही. हे सांगताना ती हसली. मग म्हणाली, "आबा, मले सख्खा भाऊ नाई. आज तुमी आले माह्यासंगं, मी इसरनार नाई."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"एक इचारू? कागदावर त्याचं नाव तर नव्हतं. मंग त्याले कोनी पकडून देलं असन? तुमची फौजेत वळख हाये. इचारा ना कोनाले. मले फक्त नाव पाहिजे."

नाव तिच्या शेजारी बसलं होतं.

त्या रेघा टीव्हीवर दिसल्या त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या सुभेदार साहेबांना फोन केला होता. म्हणालो, साहेब, कागद माझ्या पुतण्याने फोडले, मी त्याचा हात ओळखतो. साहेब दोनदा म्हणाले, अभिमन, विचार करून सांग. मी विचार केला नाही. शपथ घेतली होती ना मी? त्या रात्री मला शांत झोप लागली, हे सांगायला लाज वाटते. मला वाटलं, मी देशाचं काम केलं. नंतर मनाला समजावत राहिलो, की त्यांनी तसाही शोधला असता. शोधला असता का? तेही मला माहीत नाही. जितेंद्रने पलटणीतली गोष्ट बाहेर सांगितली आणि मी घरातली. त्याने आपल्या माणसाच्या बापासाठी सांगितली. मी कोणासाठी सांगितली, हे मला दोन वर्षांत ठरवता आलं नाही. आणि त्याला कुळातून वगळायला मात्र माझी मूठ पहिली आवळली, कारण तो परातीत आला असता तर मला त्याच्याशेजारी बसावं लागलं असतं.

"बघतो," मी सुगंधाला म्हणालो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली. एरंडोल आलं, जळगाव आलं. सांगायला तीन तास होते आणि मी ते सगळे घालवले.

शनिवारी सकाळी मी आंघोळ करून ओसरीवर बसलो. सगळे जमले होते. भाईदासही आला होता, फुगलेल्या तोंडाने. मी एकेक नाव घेत गेलो. निंबाचं नाव घेतलं, मूठ टाकली. मग म्हणालो, "जितेंद्र निंबा." मूठ भरली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि परातीत सोडली. वर चिमूट टाकली. भाईदास उठायला लागला. मी म्हणालो, "खाली बस." तो बसला. दारात सुगंधा पदर तोंडात धरून हुंदके देत होती, आणि निंबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तो पुसतही नव्हता.

मोजणाऱ्याची मूठ शेवटी असते. वडीलही स्वतःची शेवटी टाकायचे. सगळी नावं झाली, माझं राहिलं. मी हात पोत्यात घातला आणि तो तिथेच थांबला. गहू थंड होते. एक मन म्हणत होतं, टाक आणि ऊठ, कोणाला कधी कळणार नाही. सुगंधा मला भाऊ म्हणत होती, म्हातारपणी एवढं पुष्कळ होतं. पण जितेंद्रची मूठ त्या परातीत होती आणि तिच्यावर माझी टाकायला माझा हात धजेना.

"सुगंधा," मी म्हणालो. तिचं नाव घेऊन हाक मी आयुष्यात कधी मारली नव्हती. "तू गाडीत नाव विचारलं होतंस. ते माझं. रेघा मी ओळखल्या. फोन मी केला."

गिरणीवर रोटाचं दळण न्यायला थांबलेल्या बायका होत्या तशाच उभ्या राहिल्या. निंबाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्या हातून गोफण सुटून त्याच्या कपाळाला दगड लागला होता, तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं, की आबा, तू?

"माझी मूठ टाकायची की नाही, ते तुम्ही दोघं सांगा," मी म्हणालो. "तुम्ही नाही म्हणालात तर मी उठतो. मला काही म्हणायचं नाही."

निंबा डाव्या हाताने जमिनीवर नुसत्या रेघा ओढत बसला. मी सुगंधाकडे पाहिलं. तिचे हुंदके थांबले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने दोन्ही हात वर नेले, दोन वर्षं मागे सरकलेला पदर धरला आणि हनुवटीपर्यंत खाली ओढला. तिचा चेहरा मला दिसेनासा झाला.

मग ती निंबाकडे वळून म्हणाली, "त्याहीले म्हना, मूठ जित्या मानसाची असते. टाका म्हना."

निंबाने मला सांगितलं नाही. मी दोन हातांवर होतो, मला ऐकू आलं होतं. मी माझी सव्वा मूठ टाकली.

रोट झाले, कानबाई बसली, सोमवारी नदीवर नेली. सुगंधाने दोन वर्षांनी रोट खाल्ला आणि जितूच्या वाट्याचा चतकोर जेलच्या भेटीला न्यायला कपड्यात बांधून ठेवला. आता सकाळी ती मला चहा देते. कप पायरीवर ठेवते आणि घरात कोणी नसलं तरी भिंतीकडे तोंड करून सांगते, "त्याहीले म्हना, चहा झाला."